काठोकाठ भरलेला चहा

उमसुनायने बावीस वर्षं गावाचं दूध घेतलं, आणि त्या बावीस वर्षांत एकाही माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. दूध केंद्राच्या पत्र्याच्या खोपटापुढे सकाळी बाया भांडी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. "आजचं अगदी धारोष्ण आहे हं, एजे," असं तिला थोरली बहीण म्हणून लाडीगोडी लावायच्या. उमसुनाय लॅक्टोमीटर दुधात सोडायची. तो जरा जास्त बुडाला की मान वर न करता एवढंच विचारायची, "विहिरीचं की ओढ्याचं?"

गावात सांगतात की तिचा नवरा गेला तेव्हासुद्धा तिने डॉक्टरला तीनदा विचारलं, नक्की गेला ना? हे खरं असेल असं मला वाटत नाही. पण गावाने हे दुसऱ्या कोणाबद्दल रचलं नाही, तिच्याबद्दलच रचलं, यात सगळं आलं.

अशा बाईला अक्सकालांच्या पंचायतीत घेतलं नसतं तरच नवल. अक्सकाल म्हणजे गावातले पांढऱ्या दाढीचे वडीलधारे. शेजाऱ्याची गाय शेतात शिरली, पाटाचं पाणी कोणी तोडलं, नवरा-बायकोचं वाजलं, असले तंटे तिथे मिटवायचे. मुख्य होते शेर्शेन बाइके, म्हणजे सगळ्यांचे शेर्शेनदादा, आणि ते दुसऱ्या वाक्याला डुलकी घ्यायचे. बायकांच्या तक्रारी आल्या की सगळे पुरुष टोप्या सारख्या करत उमसुनायकडे बघायचे. तिचा एकच प्रश्न असायचा. "कुठे मारलं? दाखव." खूण असली तर नवऱ्याला बोलावून ती अशी सोलून काढायची की तो महिनाभर गावातून मान खाली घालून फिरे. खूण नसली तर ती आपल्या लोकांची जुनी म्हण ऐकवायची, "दगड पडल्या जागीच जड असतो, पोरी. जा घरी." रडण्यात पाणी किती आणि दूध किती, हे आपल्याला कळतं अशी तिची पक्की खात्री होती.

हिवाळ्यात सांस्कृतिक भवनात कोळसा नसला की पंचायत तिच्याच घरी भरे. चहा द्यायला असायची तिची एकुलती एक लेक सिर्गा. पंधरा वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत सिर्गाने त्या खोलीत बसून किती बायका परत जाताना पाहिल्या, ते तिने कधी सांगितलं नाही आणि आईने कधी विचारलं नाही.

एका वर्षी जिल्ह्याच्या गावी पंचायतवाल्यांना प्रशिक्षणाला बोलावलं. अल्तिनाय नावाची वकील पोरगी, अजून तिशीही गाठलेली नाही, घरगुती हिंसाचाराचा कायदा सोपा करून सांगत होती. मारहाण सगळ्यांना माहीत होती. मग ती मानसिक हिंसेवर आली. जाणूनबुजून अपमान करणं, धाक दाखवणं, माणसाला त्याच्या मनाविरुद्ध वागायला भाग पाडणं, त्याला त्याच्या माणसांपासून तोडणं.

उमसुनायने हात वर केला. "नवरा आठ दिवस बोलला नाही, तर ती हिंसा?"

"का बोलला नाही, त्यावर आहे, एजे. तिला वाकवायला, घाबरवायला, पुन्हा पुन्हा तसंच केलं असेल तर, हो."

"मग बाई, आमच्या गावाला तुरुंग बांधू नका. गावाभोवती नुसती तार ओढून घ्या."

सगळी खोली हसली. वकील पोरगीही हसली, पण जरा उशिरा. जेवणात मटण भरून वाफवलेल्या मांती होत्या, फार चांगल्या होत्या. कायद्याचा सोपा अर्थ लिहिलेला कागद प्रत्येकाच्या हातात दिला होता. तो जाडजूड आणि गुळगुळीत होता, म्हणून उमसुनायने घरी येऊन कपाटात चांगल्या बशांखाली अंथरला.

सिर्गाचं लग्न होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तलावाकाठच्या गावात दिली होती, वडापने दीड तास. जावई बेक्तूर जर्दाळूच्या बागा बघायचा. विहीणबाई रापिया म्हणजे साखरेची पुडी. बोलायला लागली की तुम्हाला वाटावं, आपल्याशिवाय हिला जगात कोणी नाही. सिर्गाला मूल नव्हतं, आणि रापिया त्यावर एक शब्दही बोलत नसे. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर शेजारच्या बाळाला मांडीवर घेऊन म्हणायची, "काही घरांवर देवाची मेहेर असते हो." लेकी बोले सुने लागे, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

वसंतात नौरोजला सिर्गा दोन दिवस माहेरी आली. फारशी बोलली नाही. घर धुतलं, कपाटं पुसली, बशा घासून लावल्या आणि गेली. त्यानंतर तिचे फोन आखूड होत गेले. "कशी आहेस?" आई विचारायची. "सगळं ठीक आहे, आपा." "काय केलंस आज?" मध्ये थोडी शांतता, मग पुन्हा, "सगळं ठीक आहे, आपा." उमसुनायचे कान टवकारले. असं थांबून थांबून उत्तर देणारी माणसं तिने बावीस वर्षं पाहिली होती. विचार करून बोलतो तो काहीतरी लपवतो.

त्यातच रापियाचा फोन आला.

"विहीणबाई, तुमच्यापासून काय लपवायचं? पोरगी गुणाची आहे, माझा जीव आहे तिच्यावर. पण हल्ली खोटं बोलते हो. बागेत जाते म्हणते आणि बागेत नसते. फोन घेऊन गोठ्यामागे जाते. विचारलं की चेहरा पांढराफटक. माझा बेक्तूर बिचारा बोलतच नाही आता, आतल्या आत झुरतो. तुम्ही शहाण्या, पंचायतीतल्या. तुम्हीच बघा एकदा."

दुसरी आई असती तर म्हणाली असती, माझी पोर तशी नाही. उमसुनाय म्हणाली, "किती दिवस चाललंय हे?" तिला वाटलं, झालं, काहीतरी भानगड आहे. कोणीतरी पुरुष असणार. माझ्या पोटची झाली म्हणून काय, दूध ते दूध.

लेकीच्या सासरी बोलावल्याशिवाय जात नाहीत. इथे तर आग्रहाचं बोलावणं होतं. सप्टेंबरच्या सव्वीस तारखेला ती पिशवीभर कणकेचे बोर्सोक तळून, विहिणीसाठी मखमलीचा तुकडा घेऊन गेली. सिर्गा दारात आली आणि वाकली. वाळली होती. अंगावर कुठे ओरखडा नाही, डोळ्याखाली काळं नाही. उमसुनायने ते आल्या आल्याच बघून घेतलं. सवयच ती.

दस्तरखान पसरलं होतं. लोणी, जर्दाळूचा मुरांबा, गरम रोटी. सिर्गा रीतीप्रमाणे दाराजवळ चहाच्या समोवारापाशी बसली. सुनेने पाहुण्याला चहा द्यायचा तो तळाला घोटभर. प्याला रिकामा झाला की पुन्हा घोटभर, पुन्हा घोटभर. प्याला जितक्या वेळा परत जाईल तितका मान. काठोकाठ भरलेला प्याला पाहुण्याला एकच सांगतो: एवढा प्या आणि वाटेला लागा.

सिर्गाने आईच्या हातात प्याला दिला तो काठोकाठ भरलेला.

चहा उमसुनायच्या अंगठ्यावर सांडला. ती प्याल्याकडे बघत राहिली. सख्ख्या लेकीने हाकलून द्यावं! बेक्तूरने खिडकीकडे तोंड फिरवलं. रापियाने मात्र जीभ चावली. "अगं बाई! बघा विहीणबाई, म्हणत नव्हते मी? चहा ओतायचंही भान राहिलं नाही पोरीला. मन थाऱ्यावर असेल तर ना."

उमसुनायच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं. हिला मी इथे नको आहे. का नको आहे? तिने प्याला खाली ठेवला आणि पंचायतीतल्या आवाजात विचारलं, "सिर्गा, फोन दे इकडे. कोणाशी बोलतेस गोठ्यामागे?"

"कोणाशी नाही, आपा."

"कोणाशी नाही तर दे."

सिर्गाने रापियाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, मग फोन दिला. सगळे नंबर ओळखीचे निघाले, एक सोडून. तोच नंबर पुन्हा पुन्हा, शेवटी सत्तर-सतरा. नाव नाही. उमसुनायने तो मोठ्याने वाचला. रापियाने गालावर हात ठेवला. सिर्गा खाली दस्तरखानाच्या काठाकडे बघत होती. "चुकलं माझं," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

उमसुनाय एकाच प्याल्यानंतर उठली. निघताना सिर्गाने तिचे बूट सरळ करून ठेवले, वाकून टाचेत बोट घालून चढवायलाही मदत केली. रापियाने फाटकापर्यंत येऊन गळामिठी मारली. तिच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला गेला होता.

दोन महिने उमसुनायने फोन केला नाही. लेकीचाही आला नाही. पंचायतीत ती नेहमीपेक्षा कडक झाली. एका सुनेला तर तिने वाक्य पूर्ण करू दिलं नाही. घरी मात्र ताट तसंच झाकून ठेवी. लेक खोटारडी निघाली याचं दुःख होतंच. आणि खरं सांगायचं तर, आपल्याला कळलं नाही याचा रागही होता.

मग नोव्हेंबरात तिची भावजय तोक्तोकान आली, तणतणत.

"तुझ्या लेकीला वळण लावलंस की नाही? रस्त्यावरच घर म्हणून मी मासे घेऊन गेले. तर चहा दिला काठोकाठ! बोट भाजलं माझं. तुझा भाऊ मागच्या महिन्यात तिथे जाऊन आला, त्यालाही तसाच. आता आमच्यापैकी कोणी पाऊल ठेवणार नाही त्या घरात."

"विसरते ती हल्ली," उमसुनाय म्हणाली.

"विसरते? माझ्या शेजारी रापियाची बहीण बसली होती. तिला बरा घोटघोट मिळत होता. सात वेळा भरला प्याला, मी मोजला."

उमसुनाय कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

हात विसरला तर सगळ्यांसाठी विसरतो. एकाच घराच्या दुधात रोज पाणी सापडतं तेव्हा गायीचा दोष नसतो. पाणी घालणारं कोणीतरी असतं. उमसुनायचा संशय आयुष्यभर समोरच्या माणसावर रोखलेला होता. आता पहिल्यांदा त्याने मान वळवली आणि त्या माणसाच्या मागे कोण उभं आहे ते बघितलं. रापियाने एवढ्या आग्रहाने का बोलावलं? जीभ चावली ती चहा सांडल्यावर, की त्याच्या आधीच? माहेरचा एकेक माणूस अपमान होऊन परत गेला, आणि प्रत्येक वेळी प्याला लेकीच्याच हातचा. दार रापियाने लावायचंच नाही. माहेरच्यांनीच ते बाहेरून लावून घ्यायचं.

तोक्तोकान गेल्यावर तिने कपाटातून बशा काढल्या आणि खालचा कागद ओढला. चष्मा लावून वाचला. अपमान. धाक. मनाविरुद्ध वागायला भाग पाडणं. त्याच्या माणसांपासून तोडणं. त्या दिवशी ज्याला खोली हसली होती ते सगळं तिथेच होतं. अगदी खाली, बारीक अक्षरात, मदतीसाठी एक नंबर दिला होता.

शेवटी सत्तर-सतरा.

उमसुनाय जमिनीवरच बसली. बावीस वर्षं भांड्यांचे आकडे लक्षात ठेवलेलं डोकं. चुकणं शक्य नव्हतं. नौरोजला पोरीने कपाट पुसलं, बशा उचलल्या, कागद वाचला आणि नंबर लिहून घेतला. बाजूच्या खोलीत आई होती. आणि तोच नंबर आईने भर दस्तरखानावर रापियाला मोठ्याने वाचून दाखवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर तिने कळसा काढून चोराच्या हातात दिला होता. ती रडली. त्या रडण्यात पाणी किती हे मोजायला कोणी नव्हतं.

तिने तो नंबर लावला. पलीकडची बाई म्हणाली, कोण फोन करतं ते आम्ही कोणालाही सांगत नाही. "आईलासुद्धा नाही?" "आईलासुद्धा नाही." उमसुनायला ते पटलं. उत्तर देणाऱ्या माणसाबद्दल तिला असं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तलावाकाठच्या गावच्या पोलिसाकडे गेली. मिक्तीबेक नाव, तरणा, गालफडं वाऱ्याने भाजलेली. त्याने फॉर्म पुढे ओढला.

"हं, एजे. कुठे मारलं?"

"मारलं नाही," उमसुनाय म्हणाली. "चहा ओतायला लावला. काठोकाठ. माहेरच्या प्रत्येकाला."

तो हसला. "काय लिहू मी? प्याला भरला म्हणून तक्रार? वरचे साहेब मला बडतर्फ करतील. कायद्यात प्याला कुठे आहे?"

"कायद्यात कुऱ्हाडही नसते, पोरा. खून असतो. मग कोणी कुऱ्हाडीने करतो, कोणी दोरीने." तिने कागद टेबलावर आपटला. "तुझी आई जिवंत आहे?"

"आहे."

"ती उद्या तुझ्या घरी आली, आणि तुझ्या बायकोने अख्ख्या भावकीसमोर तिच्या हातात काठोकाठ प्याला दिला. मग?"

मिक्तीबेकचं हसू ओसरलं. "पुन्हा पायरी चढणार नाही ती," तो म्हणाला.

"आणि बायकोने तो मनाने दिलाच नसेल तर? मागे उभं राहून कोणी द्यायला लावला असेल तर?"

त्याने टोपी घातली. "पण जबाब तिनेच द्यायला हवा, एजे. तुमच्या संशयावर मला कागद काढता येत नाही."

रापियाने दोघांचं हसतमुखाने स्वागत केलं. "या, या! सिर्गा, सांग बाई साहेबांना, काही त्रास आहे का तुला या घरात?"

"सगळं ठीक आहे," सिर्गा म्हणाली. तेच थांबणं, तोच आवाज. आता उमसुनायला त्यात भीतीशिवाय काही ऐकू येईना. तेव्हा का नाही आलं?

"नियम आहे, वेगळं बोलावं लागतं," मिक्तीबेक म्हणाला, आणि सिर्गाला फाटकाबाहेरच्या जीपमध्ये घेऊन गेला. जाताना तिने दारामागची आपली पिशवी उचलली. उमसुनाय घाईघाईने मागच्या सीटवर चढली. लेकीचा हात धरावा असं तिला वाटत होतं. सिर्गा समोर बघत म्हणाली, "साहेब, माझी आई इथे असेल तर मी बोलणार नाही."

उमसुनाय उतरली.

ती रस्त्याच्या कडेला पॉपलरच्या झाडाखाली उभी राहिली. तलावावरून वारा येत होता. रापिया फाटकात आली. "बघितलंत, विहीणबाई? सख्ख्या आईलासुद्धा जवळ करत नाही. आम्ही काय काढलं असेल ते आता तुम्हीच ओळखा." आवाज तोच, साखरेचा.

"तिला बोलू द्या," उमसुनाय म्हणाली. "तुम्ही आत जा." रापिया गेली नाही, फाटकाला टेकून उभी राहिली. बेक्तूर ओसरीवर येऊन पुन्हा आत गेला.

तासाभराने मिक्तीबेकने खाली उतरून हाक मारली. त्याच्या हातात लिहिलेले दोन कागद होते. सासू आणि नवऱ्याविरुद्ध संरक्षणाचा हुकूम आजच काढतो, तिला आता माझ्याबरोबर इथून नेतो, तो म्हणाला. पहिला तीन दिवसांचा असतो, पुढे वाढवता येतो. फोनमधला तो अनोळखी नंबर मदतीचा होता, हेही त्याने लिहून घेतलं होतं. प्याले कोणी भरायला लावले, न भरल्यावर नवरा किती दिवस बोलत नसे, सासू जेवणाच्या वेळी तिचं नाव न घेता काय काय बोले, सगळं तारखांसकट. "तुम्हीही त्या दिवशी हजर होता. साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल," तो म्हणाला, आणि मग त्याचा आवाज खाली आला. "पण आधी दुसरं पान वाचा, एजे. मी तिला म्हटलं, आई आहे, एवढं वगळू. ती म्हणाली, मग काहीच लिहू नका."

उमसुनायने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"सप्टेंबरच्या सव्वीस तारखेला माझी आई उमसुनाय हिने सर्वांसमोर माझा फोन मागितला व तू कोणाशी बोलतेस असे विचारले. त्या दिवसापासून फोन माझ्याकडे नाही. आईला मी यापूर्वी काही सांगितले नाही. आईला खूण लागते, आणि माझ्या अंगावर खूण नव्हती."

तिने ते दोनदा वाचलं. आयुष्यभराच्या सवयीने प्रत्येक शब्दात खोट शोधली. कुठे सापडली नाही. जीपच्या काचेतून सिर्गा दिसत होती, पुढच्या सीटवर बसलेली, मांडीवर एक पिशवी. ती आईकडे बघत नव्हती.

"अजून वेळ आहे, पान नव्याने लिहिता येईल," मिक्तीबेक हळूच म्हणाला. "तेवढ्या ओळी खोडू का?"

"एक अक्षर खोडू नकोस," उमसुनाय म्हणाली. "पेन दे."

तिने बोनेटवर कागद ठेवून सही केली, पेन परत दिलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.